रोध जास्त हवा की कमी?

तिसरा_मजला:
सोसायटीत वायरिंगची तपासणी झाली. अहवाल इंग्रजीत, तो मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात. शाळेत शिकलो तसं रेझिस्टन्सला 'रोध' लिहिलं. एका घराची नोंद अशी: आर्थिंगचा रोध ३.२ ओहम, गीझर सर्किटच्या इन्सुलेशनचा (वीज बाहेर येऊ न देणाऱ्या आवरणाचा) रोध ०.४ मेगओहम. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "०.४ कमी, म्हणजे गीझर ठीक, ३.२ जास्त, म्हणजे आर्थिंग बिघडलंय." नेमकं उलट! आर्थिंगला रोध कमी हवा, इन्सुलेशनला जास्त. इन्सुलेशनसाठी वेगळा शब्द सुचवा, म्हणजे घोळ मिटेल.

शुद्धमती:
'निरोधन' आहे की! रुध् धातू, रोध, विरोध, अवरोध सगळे त्याच घरातले. 'निरोधन-रोध' लिहा.

चहाबाज:
आणि सभेत वाचून दाखवा, "जोशीकाकू, तुमचं निरोधन कमी पडलंय." १९६८ पासून सरकारनेच 'निरोध' नावाचे कंडोम काढून त्या शब्दाची वाट लावून ठेवलीय.

फेज_न्यूट्रल:
वायरमन आहे. आम्ही 'मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मारला, किती आला?' एवढंच बोलतो. काका शब्दाला नाही, एककाला फसले. ०.४ मेग म्हणजे चार लाख ओहम! पण तेही कमीच. ५०० व्होल्टला किमान १ मेग आला पाहिजे. गीझर सुटा करून परत मारा. बऱ्याचदा कॉइलमध्ये ओल शिरलेली असते, वायर बिचारी धडधाकट.

कडुलिंब:
मेगरला आमचे अण्णा 'मगर' म्हणायचे. हँडल फिरवायचा जुना डबा होता. मी एकदा दोन्ही वायरी हातात धरल्या नि भावाने हँडल फिरवलं. मगरच ती. मेगओहमवरूनच आला ना शब्द?

फेज_न्यूट्रल:
ते एका ब्रिटिश कंपनीचं ट्रेडनाव. डालडासारखं झालं, सगळेच मेगर.

शुद्धमती:
निरोधन नको तर 'गळती' घ्या. इन्सुलेशन खराब म्हणजे गळती जास्त.

चहाबाज:
'वीजगळती' म्हटलं की पेपर वाचणाऱ्याला आकडे टाकणारेच आठवतात. काकांना वाटेल, सोसायटीवर धाड पडली.

माडाखाली:
आमच्याकडे करंट 'उतरतो'. पत्र्यात उतरला, गोठ्यात उतरला. "गीझरात करंट उतरतोय" लिहा, काका बादली टाकून पळतील.

शुद्धमती:
ताप उतरला म्हणजे गेला. करंट उतरला म्हणजे आला? असं कसं चालेल? आणि ०.४ आला म्हणून लगेच बॉडीला शॉक बसेलच असं थोडंच आहे!

माडाखाली:
चहाचा रंग पाण्यात उतरतो, तसा. शॉकचं मात्र खरंय, ते मी जरा ताणलं.

कडुलिंब:
तो ३.२ कधी घेतला? आमची आजी उन्हाळ्यात आर्थिंगच्या खड्ड्याला तुळशीबरोबरच तांब्याभर पाणी घालायची. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला. आम्ही हसायचो.

फेज_न्यूट्रल:
आजी बरोबर होती. ओल्या मातीत आर्थिंगचा आकडा उतरतो (घ्या, अजून एक 'उतरणे'). पावसात ३.२ आला असेल तर वैशाखात परत बघा. इन्सुलेशनचं उलट, ते पावसाळ्यात रडतं.

तिसरा_मजला:
जुलैतच घेतला. आणि गीझर सुटा करून मारला, २०० मेगच्या वर आला, म्हणजे कॉइलच. पण रविवारी सभा आहे, कागदावर शब्द काय लिहू?

शुद्धमती:
त्याआधी एक. सगळे 'आर्थिंग' लिहिताय. निदान 'अर्थिंग' तरी लिहा, नाहीतर 'भूसंपर्कन'.

माडाखाली:
आमच्या वायरमनच्या बिलावर 'अरथींग पाइप १ नग' असतं. पैसे 'अर्थ'वालेच घेतात.

कडुलिंब:
आजी 'आरती' म्हणायची. "आरतीला पाणी घातलंस का रे?"