शब्दचर्चा: ‘प्रोग्नोस्टिक मार्कर’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह मार्कर’ मराठीत कसं सांगावं?

बेळगावहून, मूळ प्रश्न:
आमच्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट इंग्रजीत येतो, वॉर्डातल्या सिस्टर कानडीतून समजावतात आणि घरी तो मराठीत सांगायचं काम ज्याला थोडंफार इंग्रजी येतं त्याच्यावर येतं. ट्यूमरला मराठीत ‘गाठ’, कानडीत ‘गड्डे’ म्हटलं की भागतं. अडतं ते पुढे. रिपोर्टात सीडी-२०, पीडी-एल-१ असं काही असतं आणि डॉक्टर म्हणतात, हा मार्कर प्रोग्नोस्टिक, म्हणजे आजार पुढे कसा जाईल ते सांगणारा, तो प्रेडिक्टिव्ह, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारा. ‘निदान’ इथे चालणारच नाही, कारण निदान म्हणजे काय झालंय ते. इथे पुढे काय होईल ते सांगायचंय. ‘भाकीत’ म्हटलं तर घरचे ते ठरलेलं भविष्य समजतात आणि औषध कशाला, म्हणून हात टेकतात. दोन्हीला ‘पूर्वानुमान’ म्हणावं, तर दोघांतला फरकच बुडतो. तुम्ही काय म्हणता?

निपाणीहून:
इथे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पुष्कळ, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा. आमच्या मामांच्या रिपोर्टात ‘सीपीएस २०’ होतं. मामींनी धरलं, जगण्याची आशा वीस टक्के. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. त्याचा खरा अर्थ कुणी सोप्या मराठीत मांडेल का? मार्करला मी ‘खूणगाठ’ सुचवतो.

बेळगावहून, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो:
‘खूणगाठ’ नको. गाठ हा शब्द आजाराने आधीच घेतलाय, ऐकणाऱ्याला आणखी एक गाठ निघाली असं वाटेल. नुसतं ‘खूण’ पुरे.

सीडी-२०, पीडी-एल-१ यांसारखी खूण म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. पांढऱ्या पेशींच्या प्रत्येक जातीवर अशा प्रथिनांचा वेगळा संच असतो. १९८२ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांना सीडी क्रमांक द्यायची पद्धत ठरली. आता क्रमांक ३७० च्या पुढे गेलेत. सीडी-३ सगळ्या टी पेशींवर, सीडी-८ मारक टी पेशींवर, सीडी-२० बी पेशींवर.

आम्ही बायोप्सीचा तुकडा बसवलेल्या पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमधून काही मायक्रॉन जाडीचा काप घेतो आणि त्या एका प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) घालतो. खूण असेल तिथे तपकिरी रंग येतो, बाकी केंद्रकं निळी राहतात. एखाद्या स्लाइडवर सीडी-८ चे तपकिरी ठिपके गाठीत खोलवर शिरलेले दिसतात, तर दुसऱ्या स्लाइडवर ते कडेलाच थांबलेले असतात, आत एकही नाही. सगळं महत्त्व या जागेला आहे. २००६ मध्ये संशोधक जेरोम गॅलों यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर हेच दाखवलं: या पेशी कुठल्या जातीच्या, किती दाट आणि कुठे आहेत, यावरून आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज येतो. त्यातूनच सीडी-३ आणि सीडी-८ मोजणारा ‘इम्युनोस्कोर’ आला. २०१८ मध्ये १३ देशांतल्या २,६०० हून जास्त पेशंटांवर त्याची पडताळणी झाली. ही प्रोग्नोस्टिक खूण. नेहमीच्या रिपोर्टात मात्र ती सहसा नसते.

मामांचा सीपीएस वेगळा, तो प्रेडिक्टिव्ह. गाठीच्या दर शंभर जिवंत पेशींमागे पीडी-एल-१ असलेल्या किती पेशी दिसल्या, त्याचा तो आकडा. त्यात गाठीच्या पेशींबरोबर लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही धरतात. जगण्याच्या टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध लागू पडण्याची शक्यता किती, हे ठरवायला तो पाहतात आणि तिथे २० हा चांगला आकडा आहे. मामींना हे जरूर सांगा.

खानापूरहून, वैद्य:
चरकसंहितेत यासाठी ‘साध्यासाध्यता’ आहे: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, असाध्य. प्रोग्नोसिसला इतका नेमका जुना शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

बेळगावहून, मूळ प्रश्नकर्ती:
वैद्यराज, शब्द भारदस्त आहे, पण त्यात ‘असाध्य’ ऐकू येतं आणि पेशंटसमोर ते माझ्याच्याने म्हणवणार नाही. ‘याप्य’ मात्र मी उचलते. उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा आजार, हा अर्थ रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं बऱ्या राहणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशंटांना तंतोतंत लागू पडतो. बाकी मी आता असं सांगेन: आजार कुठल्या वाटेने जाईल ते सांगते ती ‘वाटचालसूचक’ खूण, कुठलं औषध लागू पडेल ते सांगते ती ‘औषधसूचक’ खूण.

चिक्कोडीहून:
‘शुभचिन्ह’ आणि ‘अशुभचिन्ह’ आणखी सोपे नाहीत का? आईला लगेच कळेल.

लॅबमधून पुन्हा:
ते धोक्याचं आहे. सीडी-८ दाट असणं आतड्याच्या कॅन्सरमध्ये चांगलं, पण मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये अभ्यासांत उलट दिसलंय. खूण तीच, गाठ बदलली की अर्थ फिरतो. म्हणून अवयवाचं नाव घेतल्याशिवाय खुणेचा अर्थ सांगूच नये. ‘वाटचालसूचक’ मला पटलं.

आणि खूण सापडली की रिपोर्टात येणारा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्दही घरी जपून वापरा. कोविडनंतर तो ऐकला की लोक घाबरतात. आम्ही आपसात ‘स्टेन घेतला’ म्हणतो. तुम्ही ‘पेशींनी रंग धरला’ म्हणा, कापडाने रंग धरावा तसं. त्यात चांगलं-वाईट काही येत नाही.