शब्दचर्चा : ‘मूळचे’ कुठले?

चिंचपोकळी

मुंबईत ‘मूळचे’ हा शब्द आता नक्की कशासाठी वापरतात यावर बोलायचंय. माझ्या वडिलांना कुणी विचारलं की मूळचे कुठले, तर उत्तर ठरलेलं, देवगड. सगळी नोकरी गिरणीत गेली, चाळीतच म्हातारे झाले, तरी देवगडच. आता माझी चुलत बहीण नालासोपाऱ्याला राहते आणि तिचा मुलगा सांगतो की आम्ही मूळचे लालबागचे. त्याचा जन्मसुद्धा तिकडचा नाही, पण देवगडचं नाव तो घेत नाही. मग अर्थ बदलला की दोन्ही अर्थ चालू आहेत? दुसरं म्हणजे ‘विस्थापित’ हा शब्द पेपरात रोज असतो पण ज्यांची जागा गेली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही, तुमच्याकडे काय म्हणतात?

पागडीवाला

ताई, चांगला विषय काढलात. ‘मूळचे’ म्हणताना माणूस जिथून निघाला ती जागा सांगतो. जिथे आत्ता राहतो तिथलं ‘मूळचे’ सहसा कुणी म्हणत नाही, नुसतं ‘परळला राहतो’ म्हणतात. म्हणजे हा शब्द वापरायला आधी कुठून तरी निघालेलं असावं लागतं. तुमचे वडील देवगडहून निघाले होते, लालबागमधून निघाले नव्हते, म्हणून लालबाग त्यांच्यासाठी ‘मूळ’ झालंच नाही. पुढची पिढी लालबागमधून निघाली.

आता ही निघाली कशी ते बघा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. काही लोक गावी गेले. काहींनी खोली विकून डोंबिवली, विरार, बदलापूर धरलं, कारण एका खोलीच्या पैशात तिकडे वन रूम किचन येत होतं, पोरं मोठी झालेली, लग्नं व्हायची होती. मग मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जमीन विकायची वाट निघाली, त्यात पालिका आणि म्हाडासाठी वाटा ठेवलेला होता, तो २००१ च्या बदलाने फारच आकसला आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. तिथून टॉवर सुरू झाले. लोअर परळचा काही भाग बिल्डरच्या जाहिरातीत ‘अप्पर वरळी’ झाला, याचा मला अजून राग येतो, परळ हे नाव काय विकायला कमी पडत होतं का.

तेव्हा पोरगा लालबाग म्हणतो ते बरोबरच आहे. वडील गणपतीला एसटीने कोकणात जायचे, आता नालासोपाऱ्याची माणसं गणपतीला लालबागला येतात, चाळीच्या मंडळात पावती फाडतात, आरतीला उभी राहतात. गावाचं जे काम असतं ते आता चाळ करते. माझ्या घरात तर दर वर्षी वाद होतो की गणपतीला कणकवली की काळाचौकी.

मानखुर्द

विस्थापित कुणीच म्हणत नाही. आमच्याकडे दोन शब्द, ‘उठवलं’ आणि ‘शिफ्ट झालो’. फुटपाथवरचे, पाइपलाइनजवळचे, रेल्वेलाइनजवळचे म्हणतात आम्हाला उठवलं. बिल्डिंग मिळाली की तेच लोक म्हणतात अमक्या साली इथे शिफ्ट झालो. ‘उठवलं’मध्ये गंमत अशी की कर्ता नसतो. कुणी उठवलं ते सांगत नाहीत, पालिका असेल, पोलीस असतील, बिल्डर असेल, सगळ्यांना एकच क्रियापद. पंगतीतून उठवलं म्हणताना जो अपमान असतो तो यात पुरेपूर असतो, म्हणूनच तो शब्द टिकला असं मला वाटतं. १९८१ मध्ये फुटपाथवरच्या लोकांना असंच उठवायला घेतलं होतं, ते प्रकरण ओल्गा टेलिस या नावाने कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. पण त्याच निकालात फुटपाथवर राहायचा हक्क काही मिळाला नाही, नोटीस देऊन उठवता येतं असंच ठरलं. हे दुसरं अर्धं लोक सांगत नाहीत.

आणि सरकारी शब्द ‘प्रकल्पग्रस्त’. तो मात्र घुसला, पण इंग्रजी आद्याक्षरांनी. ‘तो पीएपीचा रूम आहे’, ‘पीएपी बिल्डिंग’ असं बायका भाजी घेतानासुद्धा बोलतात. माणूस ग्रस्त होता, आता इमारतीचं नाव झालं.

पागडीवाला

‘बिऱ्हाड हलवलं’ हाही शब्द होता ना, पण त्यात कर्ता आपणच असतो. आपण ठरवलं, टेम्पो आणला, हलवलं. आता ऐकायला मिळतं ‘बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली’. इथे परत माणूस गायब, बिल्डिंगच जाते!!

ट्रान्झिट

‘मूळ’वरून सांगते, कारण आमच्याकडे हा शब्द कागदावर येतो आणि त्यावर अख्खं आयुष्य अडकतं. आम्ही ट्रान्झिटला आहोत. कागदावर संक्रमण शिबिर, पण तसं कुणी म्हणत नाही, ‘ट्रान्झिटला’ असंच, माहेराला म्हणावं तसं. जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी इमारत पडायला आली की तिथल्या लोकांना तात्पुरतं इथे आणायचं आणि नवी झाली की परत न्यायचं अशी कल्पना. तात्पुरतं म्हणता म्हणता इथे नातवंडं झालीत. म्हाडाच्या हिशेबात शिबिरातल्या लोकांचे तीन वर्ग आहेत, अ म्हणजे मूळ भाडेकरू, ब म्हणजे मुखत्यारपत्रावर जागा घेतलेले, क म्हणजे घुसखोर. ज्यांची जुनी इमारत परत उभी राहणारच नाही अशा मूळ भाडेकरूंची बृहत्सूची असते, तिच्यात नाव लागायला जुन्या खोलीचे कागद लागतात. माझ्या सासूबाई भाड्याच्या जुन्या पावत्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवतात, दागिने कपाटात, पावत्या देवाजवळ. त्यामुळे आम्हाला ‘मूळचे कुठले’ विचारलं की गावाचं नाव नंतर आठवतं, आधी इमारतीचा नंबर आठवतो.

मानखुर्द

अगदी. झोपडपट्टीत हेच काम ‘पात्र’ शब्द करतो. परिशिष्ट दोन, म्हणजे पुनर्वसनात कोण पात्र कोण अपात्र याची सरकारी यादी, लागलं की सगळी वस्ती तिच्यावर तुटून पडते, मोठा भाऊ पात्र, धाकटा अपात्र, एकच भिंत मध्ये. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून, त्यांना ‘सशुल्क’ म्हणतात. ‘ती सशुल्कवाली आहे’ असं बाईबद्दल बोलताना मी ऐकलंय आणि खरंच वाईट वाटलं. अपात्र म्हणजे लायक नसलेला, हा अर्थ मराठी माणसाच्या डोक्यातून जात नाही हो. कागदाचा प्रश्न आहे पण माणूस मान खाली घालून सांगतो, मी अपात्र झालो.

वरळीकर

कोळीवाड्यातून बोलतो. आम्हाला मूळचे कुठले विचारलं की घोटाळा होतो, कारण आम्ही कुठून आलोच नाही. पागडीवाले दादा म्हणतात तसं निघाल्याशिवाय शब्द लागू होत नसेल तर तो आम्हाला लागू नाही. आमचं घर कुणी हलवलं नाही, पण समुद्रात जायची वाट अडत होती. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवणार होते, क्लीव्हलँड बंदरातून बोटी काढणाऱ्यांनी ते मानलं नाही, बरंच भांडून शेवटी १२० मीटर झालं. घर तिथेच आणि धंदा उठला तर त्याला काय म्हणायचं, याला मराठीत शब्द नाही, आणि शब्द नसला की यादीतही जागा नसते.

चिंचपोकळी

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘उठवलं’ तिथेही चालेल का? ‘धंदा उठला’ आपण म्हणतोच.

वरळीकर

चालेल, पण धंदा उठला म्हटलं की तोटा झाला असं वाटतं, आपलीच चूक असल्यासारखं. ‘धंदा उठवला’ म्हणा. तिथे करणारा कुणीतरी आहे हे कळतं.

विरार फास्ट

अजून एक बघा, ‘मुंबईला’. आमच्याकडे विरारला जुने वसईकर म्हणतात मुंबईला चाललो. परळहून आलेले आधी वर्षानुवर्षं ‘परळला चाललो’ म्हणायचे, मुंबईला म्हणायला जीभ वळत नव्हती, कारण आपण मुंबईच्या बाहेर आलो हेच मान्य नव्हतं. पत्त्यावर पालघर जिल्हा आला तरी नाही. त्यांची पोरं मात्र सरळ मुंबईला म्हणतात आणि त्याच दमात मूळचे परळचे म्हणतात. सेंट्रलच्या लोकांनी सांगा, कल्याण-बदलापूरला पण असंच आहे का, की तिकडे वेगळं बोलतात?