रात्री पिल्लू रडलं की उठायचं का? आणि क्रेटचं दार लावायचं का?

रातराणी:
घरात कुत्र्याचं नऊ आठवड्यांचं पिल्लू आलंय, मादी आहे. रात्री ती क्रेटमध्ये, म्हणजे दार असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, झोपते आणि आम्ही अलार्म लावून मध्यरात्री एकदा, पहाटे एकदा तिला शू करायला बाहेर नेतो. बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच सल्ला देतो, ‘रडली तरी उठू नका, दोन-चार रात्रींत गप्प होईल.’ मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

पिल्लाचं मूत्राशय लहान असतं आणि त्यावर ताबाही अजून यायचा असतो. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय, त्यात एक मिळवून येतील तेवढे तास ते कळ काढू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीनेक तास, गाढ झोपेत थोडं जास्त. छोट्या जातीचं असेल तर त्याहूनही कमी. त्याला रात्रभर कोंडून ठेवलं तर ते अंथरुणातच करणार, दुसरा मार्गच नाही. कुत्र्याला झोपायची जागा घाण करायला आवडत नाही, क्रेटची सगळी सवय याच एका स्वभावावर उभी आहे. घाणीत झोपायची सवय लागली की हा स्वभाव बोथट होतो. लहानपणी अस्वच्छ पिंजऱ्यात राहिलेल्या पिल्लांना शी-शूची शिस्त लावणं म्हणूनच इतकं जड जातं.

जुना शेजारी:
रडू द्यावं या मताचा मीही नाही. पण अलार्मला माझा विरोध आहे. गाढ झोपलेल्या पिल्लाला हलवून उठवायचं कशाला? काही पिल्लं तिसऱ्या महिन्यातच रात्रीचा बराच वेळ काढतात. तुम्ही रोज ठरल्या वेळी उठवलंत तर त्याच वेळी जाग यायची सवय तुम्हीच लावाल. माझी पद्धत साधी आहे: क्रेट पलंगाशेजारी, हात पोचेल इतका जवळ. पिल्लू कूस बदलून कुंई कुंई करायला लागलं की मिनिटभर थांबायचं. परत झोपलं तर उत्तम. आवाज वाढला, पंजाने दार खरवडायला लागलं, की उचलून बाहेर.

रातराणी:
काका, तुमच्या पद्धतीत आवाज वाढला की दार उघडतं. पिल्लू नेमकं तेच शिकतं! अलार्मने नेलं तर तिला ओरडायची वेळच येत नाही. शिवाय ही वेळ काही कायमची नाही. दोन-तीन रात्री कोरड्या गेल्या की अलार्म पाव तास पुढे सरकवायचा, असं करत करत तो पहाटेच्या फेरीला जाऊन मिळतो. अंथरूण ओलं सापडलं तर अर्धा तास मागे.

आणि बाहेर नेणं म्हणजे नुसतं बाहेर नेणंच हवं. दिवा मंद, बोलणं नाही, पट्टा लावलेला, रोजची तीच जागा. पिल्लू आधी वास घेत गोल फिरतं, पाचोळा तोंडात घेतं, तुमच्याकडे बघून शेपूट हलवतं. तिथे आपण झाडासारखं उभं राहायचं. पाचेक मिनिटांत झाली तर हळूच शाबासकी द्यायची आणि थेट क्रेटमध्ये. नाही झाली तरी थेट क्रेटमध्ये, दहा मिनिटांनी पुन्हा. माझ्या मते खरा घोटाळा इथे होतो. लोक रात्री दोन वाजता पिल्लाशी लाडाने बोलतात, खाऊ भरवतात, मांडीवर घेतात आणि मग ते खेळायला उठतं म्हणून वैतागतात.

मोकळं अंगण:
तुम्ही दोघंही अलार्मवर भांडताय, पण मुळात पिंजरा का, हे कुणीच विचारत नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने मनाई आहे. प्रवासासारखे अपवाद सोडले, तर त्यांची कुत्री पिंजऱ्याविनाच वाढतात आणि शी-शू बाहेर करायला शिकतातही. आठवड्यापूर्वीपर्यंत हे पिल्लू आई आणि भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं. त्याच्यासमोर जाळीचं दार लावायचं आणि ते रडलं की त्याला नाटक म्हणायचं, हे मला पटत नाही. पलंगाजवळ कुंपण घालून थोडी मोकळी जागा करा, एका टोकाला गादी, दुसऱ्या टोकाला शू शोषून घेणारं पॅड.

रातराणी:
नाटक मी तरी म्हटलेलं नाही. तिच्या एकटेपणाबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर क्रेट माझ्या उशाशी आहे, दुसऱ्या खोलीत नाही. दिवसा दार उघडं ठेवून जेवण आत देतो, ती आपणहून आत जाऊन झोपते, आणि हे जमल्यावरच दार लावायला सुरुवात केली. पण पॅडबद्दल मी साशंक आहे. घरात मऊ, चौकोनी गोष्टीवर करायचं हे एकदा पक्कं झालं की पायपुसणं आणि गालिचा यांत पिल्लू फरक करत नाही.

तिसरा मजला:
पॅडला इतकं झिडकारू नका. लिफ्ट येईपर्यंत पिल्लू थांबत नाही, हा रोजचा अनुभव आहे. आणि लसीकरण पूर्ण व्हायच्या आत, जिथे सगळी कुत्री फिरतात तिथल्या जमिनीवर त्याला सोडायची मला भीती वाटते. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आम्ही बाल्कनीत पॅड ठेवलंय, क्रेटमधून उचलून थेट तिथे. चालत नेलं तर वाटेतच होते.

दवाखान्यातली:
प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून काही गोष्टी सांगते.

पार्व्होची भीती खरी आहे. लसी पूर्ण होईपर्यंत बाल्कनी किंवा स्वतःचं बंद अंगण, जिथे दुसरी कुत्री येत नाहीत, तेच बरं. संध्याकाळपासून पाणी बंद करणारे लोक भेटतात, कृपा करून असं करू नका. झोपण्याआधी तास-दोन तास भांडं उचललं तर चालतं, पण उकाड्यात तेही नको. रात्रीचं जेवण लवकर द्या. खाल्ल्यानंतर साधारण अर्ध्या तासात पिल्लाला शी होते, ती उरकूनच झोपवा.

क्रेटमध्ये गळपट्टा काढून ठेवा, तो जाळीत अडकून फास बसू शकतो. क्रेट मोठा असेल तर मध्ये आडवी फळी लावा. उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा. जास्त असली की एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोप. ओलं झालं तर अमोनियाचा वास असलेल्या द्रावणाने पुसू नका, लघवीसारखाच वास येतो आणि पिल्लू तिथेच परत करतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

आणि पिल्लू दर थोड्या वेळाने उठून थेंब थेंब करत असेल, कुंथत असेल, लघवीत लाली दिसली, तर अलार्मची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर कुठलीच शिस्त उपयोगी पडत नाही.

जुना शेजारी:
पहिल्या एक-दोन आठवड्यांपुरता अलार्म मी मान्य करतो. त्यापुढे पिल्लाला स्वतः सांगायची संधी मिळायलाच हवी. नाहीतर मोठेपणी अडचण आली तर उठवायचं कसं, हे त्याला कळणार नाही.

रातराणी:
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, आणि तो बरोबर आहे. पहाटेची फेरी अलार्मविना तिच्यावर सोडून बघते, मध्यरात्रीची मात्र तीन महिने पूर्ण होईपर्यंत माझ्याकडेच.

मोकळं अंगण:
दाराबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ती दिवसा आपणहून आत जाते म्हणताय, तर रात्री क्रेटभोवती कुंपण घालून दार उघडं ठेवून बघा. ती आतच झोपली, तर दार लावायची गरज उरली कुठे?