लशीच्या दोन डोसांमधले अंतर वाढवले तर काय बिघडते?

चिऊची आई

माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. त्रिगुणी लशीच्या (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील) पहिल्या डोसनंतर तिला दीड दिवस ताप होता, मांडी सुजली होती आणि रात्रभर तिचे रडणे थांबत नव्हते. दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली आहे आणि खरे सांगायचे तर ती आम्ही जाणूनबुजून उलटू दिली. लस नकोच, असे आमच्या घरात कोणाचेही म्हणणे नाही. मात्र घटसर्प किंवा डांग्या खोकला झालेले मूल आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही आणि तापाने फणफणलेली मुलगी सगळ्यांनी पाहिली आहे. त्यामुळे ती जरा अंगाने भरली की वर्षभरानंतर उरलेले डोस एकेक करून द्यावेत, असा विचार पुढे आला आहे. यात खरोखर काही नुकसान आहे का? आणि इतका उशीर झाल्यावर पहिला डोस वाया गेला असे समजायचे का?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ

पहिला डोस वाया गेलेला नाही. अंतर वाढले तरी क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे जायचे असते. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे असावेत, ही अट तुमच्या बाबतीत बहुधा कधीच पूर्ण झाली आहे.

वर्षभर थांबण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्या. डांग्या खोकल्याने दगावणाऱ्या मुलांमध्ये सर्वाधिक प्रमाण पहिल्या काही महिन्यांतल्या तान्ह्या बाळांचे असते. इतक्या लहान बाळाला ती ओळखीची ढास लागेलच असे नाही; कित्येकदा ते खोकतही नाही, त्याचा श्वास मध्येच थांबतो आणि ते निळे पडते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने, काही महिन्यांत ओसरतात आणि त्रिगुणीच्या एका डोसने पुरेसे संरक्षण तयार होत नाही, म्हणून सुरुवातीचे तीन डोस जवळजवळ दिले जातात. गोवराच्या लशीचे गणित याच्या उलट आहे. आईची प्रतिपिंडे शिल्लक असताना ती दिली, तर लशीतला दुबळा केलेला विषाणू कामाला लागण्याआधीच निष्प्रभ होतो, म्हणून ती साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या पुढे देतात. हिपॅटायटिस बीची लस जन्मल्याबरोबर देण्याचेही असेच कारण आहे: जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो दीर्घकाळ टिकून राहतो, प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी आहे. वेळापत्रकातली तारीख कोणाच्या सोयीने पडलेली नसते, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

दीड दिवस ताप आणि सुजलेली मांडी ही पुढचा डोस टाळण्याची कारणे नव्हेत. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा त्रिगुणीच्या बाबतीत सात दिवसांच्या आत मेंदूचा गंभीर विकार उद्भवला असेल, तर गोष्ट वेगळी.

शंकेखोर

मी विरोधक नाही, परंतु एवढ्याशा जिवाला एकाच दिवशी इतक्या लशी टोचणे मनाला पटत नाही. शिवाय गोवराच्या लशीमुळे स्वमग्नता येते, असे सतत कानावर येते. त्याचे काय?

एका मुलाचा बाबा

तो समज १९९८ साली लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या, अवघ्या १२ मुलांवरील लेखामुळे पसरला. नियतकालिकाने २०१० मध्ये तो लेख मागे घेतला आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या ध्यानात येण्याचे वय आणि ही लस देण्याचे वय साधारण एकच असल्यामुळे दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह होतो, हे मी समजू शकतो.

लशींच्या संख्येबद्दल बोलायचे तर, जुन्या देवीच्या एकट्या लशीत सुमारे २०० प्रथिने होती. आजच्या लशी अधिक शुद्ध असल्यामुळे, टोचण्यांची संख्या वाढली तरी शरीराला ओळखाव्या लागणाऱ्या घटकांची संख्या उलट घटली आहे.

हे सगळे मी हौसेने वाचलेले नाही. माझ्या मुलावर रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू होती, तेव्हा त्याला गोवराची लस देता येत नव्हती, कारण तिच्यातला विषाणू जिवंत असतो. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. अशा मुलाभोवती कुंपण उभे राहायचे, तर साधारण ९५ टक्के लोक संरक्षित असावे लागतात. ते कुंपण इतरांच्या मुलांचे होते. धनुर्वाताला मात्र हा नियम लागू नाही. तो मातीतून जखमेत शिरतो, माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे तिथे शेजाऱ्याने घेतलेली लस आपल्या उपयोगाची नाही.

चिऊची आई

सर्वांचे आभार. परवाची वेळ घेतली आहे. या वेळी तापाचे औषध आधीच देऊन ठेवावे का?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ

लस देणाऱ्यांनी एखाद्या विशिष्ट लशीसाठी मुद्दाम सांगितले असेल तरच द्यावे. आधीच दिलेल्या पॅरासिटामॉलमुळे काही लशींची प्रतिपिंडे कमी तयार झाल्याचे आढळले आहे. नंतर ताप आला आणि बाळ अस्वस्थ असेल, तर तिच्या आजच्या वजनानुसार मात्रा विचारून घ्या. गेल्या वेळची मात्रा आता तिला पुरेलच असे नाही. टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच थांबा. सलग तीन तासांहून अधिक काळ न थांबणारे रडणे, झटका, किंवा अंग ढिले आणि फिकट पडणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दाखवा. सर्दी किंवा नाक गळणे एवढ्यावरून परवाची तारीख पुन्हा पुढे ढकलू नका, आणि कार्डावर डोसची नोंद होईपर्यंत तिथून निघू नका.