ओढाओढी नको, पाण्याचा सराव करा
रिट्रीव्हर, म्हणजे टिपलेला पक्षी उचलून आणणारा शिकारी कुत्रा. त्याच्या पिल्लाला चेव यावा म्हणून डमीची (सरावासाठी पक्ष्याऐवजी वापरतात ती वस्तू) ओढाओढी खेळा, असं काही जण सुचवतात, ते मला अजिबात पटत नाही. रिट्रीव्हरची खरी किंमत त्याच्या मऊ तोंडात, म्हणजे दात न रुतवता पक्षी आणण्यात. ओढाओढीने पिल्लू दात रोवायला शिकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद, म्हणून सराव कॅनव्हासच्या डमीवरच, पण शिस्त तीच हवी.

पाण्यातल्या सरावाचं तर कुणी बोलतच नाही. पंचगंगेत म्हशी धुतात त्या उतारावर आमची लॅब (लॅब्रॅडॉर कुत्री) काठाला लागली की आधी डमी टाकायची, अंग झाडायची, मग पुन्हा उचलायची. खऱ्या शिकारीत जखमी बदक तेवढ्यात निसटतं. मग मी घोटाभर पाण्यात उभा राहून, ती अंग झाडण्याआधीच हनुवटीखाली हात धरून डमी घेऊ लागलो, आणि हळूहळू एकेक पाऊल मागे सरकलो. आता 'दे' म्हटल्यावरच सोडते, अंग नंतर झाडते.