मदत हवी आहे: मीटर म्हणतो हवा चांगली, घसा म्हणतो नाही

नमस्कार. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी थ्रीडी प्रिंटर घेतला. जागा एकच मोकळी होती, झोपायच्या खोलीतलं टेबल. आधी पीएलए फिलामेंट (प्रिंटर वितळवून वापरतो ती प्लास्टिकची तार) वापरत होतो, तेव्हा काही त्रास नव्हता. पण पार्ट उन्हात वाकायला लागले म्हणून दोन महिन्यांपासून एबीएस या उष्णता जास्त सोसणाऱ्या प्लास्टिकवर आलो. रात्री प्रिंट लावून झोपायचं आणि सकाळी तयार वस्तू उचलायची, असा शिरस्ता पडलाय. आता उठल्यावर घसा खवखवतो, डोकं जड असतं, कोरडा खोकला तासभर हटत नाही. दोन दिवस प्रिंटर बंद ठेवला की बरं वाटतं. बायकोला लहानपणापासून दमा आहे. गेल्या आठवड्यात तिला दोनदा रात्री उठून पंप घ्यावा लागला, तेव्हा मात्र मी टरकलो.

म्हणून पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, घनमीटरला किती मायक्रोग्रॅम ते) दाखवणारा मीटर आणला. गंमत म्हणजे प्रिंटर बंद असताना आकडा ७-८ आणि चालू असताना ८-९! जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे, म्हणजे आम्ही आतच. मग त्रास कशाचा? आणि एन ९५ मास्क लावून उपयोग आहे का? एक मित्र म्हणतो की तो ०.३ मायक्रॉनपर्यंतचेच कण अडवतो, त्याहून बारीक सगळे आरपार.

(प्रिंटर विकून टाक, हा सल्ला घरातून आधीच मिळालेला आहे.)

प्रतिसाद १

मीटर खोटं बोलत नाहीये, त्याला दिसतच नाहीये. कणावर लेसर पडून जो प्रकाश विखुरतो तो हे मीटर मोजतात. साधारण ३०० नॅनोमीटरच्या (म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या) खालचा कण इतका कमी प्रकाश विखुरतो की मीटरच्या लेखी तो नाहीच. आणि प्रिंटरच्या नोझलमधून (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीतून) निघणारे बहुतेक कण १०० नॅनोमीटरच्याही आतले असतात.

बरं, दिसले असते तरी आकडा फारसा हलला नसता, कारण पीएम २.५ म्हणजे वजन. हिशोब करून बघा: एका घन सेंटीमीटर हवेत २० नॅनोमीटरचे एक लाख कण आहेत आणि त्यांची घनता पाण्याइतकी आहे असं धरलं, तर घनमीटरभर हवेतल्या सगळ्या कणांचं वजन अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. एक लाख ही संख्या चांगलीच मोठी आहे, आणि तुमचा मीटर ८ चा ८.५ पण करणार नाही.

फुप्फुसाला मात्र वजनाशी देणंघेणं नाही. ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे बरेच कण श्वासाबरोबर आत जातात आणि तसेच बाहेर येतात. २० नॅनोमीटरचे कण हवेत सैरावैरा हलत असतात, त्यामुळे वायुकोशांच्या भिंतींना जाऊन चिकटतात. तिथे नाकासारखे केस नाहीत की वरच्या श्वासनलिकांसारखा कफ वर ढकलणारा पट्टा नाही, सगळी सफाई भक्षक पेशींवर सोडलेली. ती सावकाश होते.

२०१३ मध्ये अमेरिकेत घरगुती प्रिंटर मोजले होते. एबीएसमधून मिनिटाला सुमारे २० हजार कोटी कण, पीएलएमधून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. तुमचा त्रास नेमका एबीएसपासून सुरू झाला, हे जुळतंय.

प्रतिसाद २

मास्कबद्दल: मित्राला सांगा, फिल्टर म्हणजे चाळण नव्हे. ०.३ मायक्रॉन ही खालची मर्यादा नाही, ते सगळ्यात अवघड माप आहे. मोठा कण धाग्याला जाऊन आदळतो, एकदम बारीक कण भिरभिरत जाऊन चिकटतो, मधल्याला दोन्ही जमत नाही. म्हणून चाचणी त्याच मापाच्या आसपास घेतात. नॅनो कण, म्हणजे हे १०० नॅनोमीटरच्या आतले, एन ९५ मध्ये चांगले अडकतात. गळती होते ती कडेने, त्यामुळे दाढीवर मास्क लावत असाल तर विसरा. आणि रात्रभर मास्क लावून कोण झोपतं हो?

प्रतिसाद ३

सगळं खापर नॅनोवर फोडू नका. २००६ मध्ये जर्मनीत 'मॅजिक नॅनो' नावाचा काच-टाइल्सवर मारायचा स्प्रे वापरून शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला, काहींच्या फुप्फुसात पाणी झालं. नॅनो तंत्रज्ञानाचे बळी म्हणून गाजावाजा झाला. तपासणीत डब्यात नॅनो कण सापडलेच नाहीत!

एबीएस तापलं की स्टायरीन वायू निघतो. घसा, डोळे, डोकेदुखी, सगळं त्याच्या खात्यात बसतं. २०१८ पासून तो 'बहुधा कर्करोगकारक' यादीतही आहे. आणि तो वायू असल्यामुळे एन ९५ किंवा (एअर प्युरिफायरमधला, कण अडवणारा) हेपा फिल्टर त्याला अडवत नाही, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. तेव्हा कण का वायू हा वाद सोडा, दोन्ही खोलीबाहेर काढा. प्रिंटरला बंद पेटी, पेटीला पंखा, पंख्याला खिडकीबाहेर जाणारा पाइप.

प्रतिसाद ४

पंखा, पाइप होईल तेव्हा होईल. आज रात्री प्रिंट लावू नका. बायकोला डॉक्टरांकडे न्या, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची चाचणी) करून घ्या आणि प्रिंटरबद्दल आपणहून सांगा, कारण डॉक्टर हा प्रश्न विचारतीलच असं नाही. कोणत्या रात्री प्रिंट चालू होती आणि कोणत्या रात्री पंप लागला, हे कागदावर लिहून न्या.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. प्रिंटर काल रात्रीच मागच्या बंद गॅलरीत हलवला, मधलं दार लावून. सध्या फक्त पीएलए. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे.

एक राहिलंच. तयार पार्ट मी खोलीतच सँडपेपरने घासतो आणि वर स्प्रेने क्लिअर कोट मारतो. तेही बंद करू का?

प्रतिसाद ३

अहो, हे आधी सांगायचं ना! स्प्रे तर प्रिंटरच्या आधी बाहेर काढा. आणि घासायचं ते पाणी लावून, ओलं.