अनुभव: मंडळीनं धरून ठेवलं, असं कधी वाटलं?

कॅम्पातली चिमणी
काल आईचं स्वयंपाकघर आवरत होते. ती आता माझ्याकडे पुण्याला येतीय, बेळगावचं घर भाड्यानं द्यायचंय. फडताळाच्या तळाशी, मिठाच्या बरणीमागं दूध पावडरचा जुना डबा सापडला. झाकणावर खिळ्यानं कोरलेलं 'मं'. मंडळीतला मं. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पुढचं कोरायला बाबांना कंटाळा आला असणार.

आमच्याकडे भात लावायच्या आधी आई मापातनं एक मूठ तांदूळ ह्या डब्यात टाकायची. दोन्ही वेळेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा देवळात न्यायचा आणि मोठ्या पातेल्यात ओतायचा. सगळ्या घरचे तांदूळ एकत्र, जाडा, बारीक, उकडा. पुढं ते कुणाच्या घरी जातात हे पाळकसाहेब आणि दोन बायका एवढ्यांनाच माहीत. बाकीच्यांनी विचारायचं नाही.

मी सातवीत असताना बाबा ज्या फाउंड्रीत होते ती बंद पडली. उद्यमबागेत दुसरीकडं काम मिळेना. आईची मूठ चालूच, फक्त लहान झाली. एकदा मी बघितलं, तिनं मूठ उघडली, अर्धे दाणे परत मापात सोडले, जरा वेळ तशीच उभी राहिली आणि उरलेले डब्यात टाकले.

त्या महिन्यात आमचा डबा देवळातच राहिला. संध्याकाळी दोन बायका परसदारानं आल्या, "आक्का, तुमचा डबा इसरला होता की" म्हणत ओट्यावर ठेवला, चहा पिऊन गेल्या. झाकण काढलं तर काठोकाठ. जाडा, बारीक, उकडा. आई रडली-बिडली नाही, निवडायला बसली. रात्री भात लावताना त्यातलं माप भरलं, मापातनं एक मूठ काढली आणि परत त्याच डब्यात टाकली. मी म्हटलं, अगं हा डबाच आता आपला. "गप बस" म्हणाली.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. कुठल्याही मंडळीचं.

झणझणीत
डब्यात टोके किती निघाले ते सांग आदी 😄

कॅम्पातली चिमणी
तांदूळ नव्हतेच. दोन लवंगा आणि 1 रुपयाचं नाणं.

खानापूरचा पायी
आमच्यात मूठ तांदूळ नाही, आम्ही कॅथलिक. खरं आमची वारी आहे. नोव्हेंबर सरत आला की खानापूर, बेळगावकडची माणसं चालत जुन्या गोव्याला जातात, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला). 24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना सुरू, 3 डिसेंबरला फेस्त. आमचा रस्ता गुंजी, लोंढा, रामनगर, मग अनमोड घाट उतरून मोले.

मी पहिल्यांदा गेलो ते भक्तीनं नव्हे. बारावीत नापास झालो होतो आणि घरात बसवत नव्हतं. नवीन बूट घालून गेलो, शहाणा. लोंढ्यालाच दोन्ही टाचा सोलल्या. एक म्हातारा होता आमच्यात, धोतर, डोक्याला टॉवेल, गळ्यात रोझरी. त्यानं काय विचारलं नाही, बुटाच्या नाड्या एकमेकीला बांधल्या, स्वतःच्या खांद्यावर टाकले आणि त्याच्या पिशवीतल्या जुन्या स्लिपरा मला दिल्या. घाट उतरेपर्यंत माझे बूट त्याच्या छातीवर आपटत होते. मोल्याला पोचल्यावर म्हणतो, "पुढच्या वर्षी जुनी चप्पल घालून ये." पास होशील, देव बघेल, तसलं काहीच नाही. पुढच्या वर्षी ये म्हणाला.

तवापासनं एक वर्ष सोडलं तर दरवर्षी जातोय. एक्स्ट्रा स्लिपरा घेऊन.

दोन चपात्या
वाचतोय. कणीक मळलीय, हात भरलेत, रात्री लिहितो.

वडगावचा तबलजी
मी हिंदू, लिंगायत गल्लीतला. लिहू का?

कॅम्पातली चिमणी
लिहा की ओ, विचारताय काय.

वडगावचा तबलजी
शेजारच्या देवळातल्या पोरांना नाताळच्या फेरीला ढोलकीवाला पायजे होता. त्यांचा मुंबईला गेलेला. आईला विचारलं तर म्हणाली जा, खरं थंडीचं कानटोपी घाल. डिसेंबरात रात्री 2 वाजता बेळगावची थंडी म्हणजे काय सांगू. घरोघर गायचं, करंज्या-कलकल खायचं, शेवटच्या घरी चहा आणि कुंदा. पहिल्या वर्षी मला गाण्याचे शब्द येत नव्हते म्हणून नुसतं वाजवलं. तिसऱ्या वर्षी पोरं अडली तर मीच पुढची ओळ सांगाय लागलो. अजून माझा बाप्तिस्मा नाही आणि त्यांनी कधी विषय काढला नाही. यादीत माझं नाव 'ढोलकी' असं लिहितात. आता माझा पोरगा जातोय, त्याचं नाव 'धाकटी ढोलकी'.

झणझणीत
धाकटी ढोलकी 😂😂 कुंदा कुठला ते सांगा पण

निवृत्त मास्तर
जय ख्रिस्त. थोडी माहिती. बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 साली आले, बेनन त्यांच्या मागून. बेनन-स्मिथ शाळेच्या नावातले बेनन ते हेच. पुढे हे काम मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांची सेंट पॉल्स शाळा 1856 ची, आणि बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत 1953 चा. म्हणजे आपले नाते

निवृत्त मास्तर
अर्धेच गेले. म्हणजे आपले नाते कर्नाटक-महाराष्ट्राच्या भांडणापेक्षा जुने आहे, 1956 च्या आधीचे, एवढेच म्हणायचे होते.

कॅम्पातली चिमणी
मास्तर, तुमचा अनुभव सांगा की. परीक्षा आम्ही दिलीय.

शेवटचा बाक
मास्तरांनी भांडणाचं काढलंच आहे तर माझं कडू सांगतो. आमच्या मंडळीत (गाव सांगत नाही) उपासना मराठीत की कानडीत ह्यावरनं दोन तट पडले. पंचांच्या बैठकीत मीही तोंड सोडलं. एका वडीलधाऱ्या माणसाला "तुमचं तिकडं गुलबर्ग्याला जावा" असं म्हणालो. चार महिने देवळात गेलो नाही. म्हणजे जायचो, बायकोला गेटवर सोडून स्कूटरवर बसून राहायचो, आतली गाणी ऐकत.

एक दिवस जोराचा पाऊस आला म्हणून आत शिरलो. शेवटच्या बाकावर माझ्या जागेवर गीतांचं पुस्तक ठेवलेलं. बाजूला तोच म्हातारा. पुस्तक उचललं, सरकला. बायकोनं नंतर सांगितलं, दर रविवारी ठेवतोय तो, कोण बसाय आलं तर "येतोय, येतोय" म्हणतोय. त्याला मराठी एवढंच येतं बहुतेक. तो कानडीत गातो, मी मराठीत, चाल तीच. माफी मागितली काय? नाही. अजून नाही. दर रविवारी ठरवतो आणि उपासना सुटली की त्याची काठी शोधून देतो.

दोन चपात्या
आलो. (मी बाईच हाय, आमच्याकडं बायका 'आलो-गेलो' म्हणतात, मागं एकानं दादा केलं.)

माझं लग्न दोन्हीकडच्यांना पटलं नाही. ते आपल्यातले नव्हते. मी माहेरची मंडळी सोडली, आठ वर्षं देवळाचं तोंड बघितलं नाही. लाजेनं म्हणा, रागानं म्हणा. मग ते अचानक गेले, जुलैत. पाऊस थांबायचं नाव नाही. त्यांच्याकडचं कोण आलं नाही. त्यांनी मागं एकदा सहज म्हटलेलं, "मला तुझ्याजवळच पुरा." मी कुणाला फोन करू हेच कळेना, शेवटी पाळकबाईंना केला. मला वाटलं आदी विचारतील, इतके दिवस कुठं होतीस. त्यांनी विचारलं, "उंची किती त्यांची?"

कबरस्तानात सहा पोरं खणत होती. निम्म्यांना मी ओळखतही नव्हतो. खड्डा खणला की पाणी भरतंय. रंगाच्या रिकाम्या बादल्यांनी उपसायची, परत भरायचं. एकजण आत उभा, गुडघ्याएवढ्या पाण्यात, बादली वर देतोय. तासभर हेच. शेवटी ताडपत्री धरून विधी केला आणि पेटी उतरवली. नंतर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे वहीत तुमचं नाव हायच की आक्का, वर्गणी थकलीय फक्त.

थकलेली वर्गणी भरली. 96 महिन्यांची. पावती हाय माझ्याकडं.

खानापूरचा पायी
🙏

कॅम्पातली चिमणी
आक्का.

वडगावचा तबलजी
तो पाण्यात उभा राहिलेला पोरगा कोण?

दोन चपात्या
आता बेकरीत हाय. ईस्टरच्या आदी येतो, कबरीला चुना मारून जातो. पैसे घेत नाही, पाव घ्या म्हणतो. पावाचे घेतो 😄

हंगामी भोपळा
रडवलंत सगळ्यांनी, जरा हसवतो. हंगामाच्या सणाला आमच्याकडं लिलाव असतो. शेतातलं, परसातलं आणायचं, देवळासमोर मांडायचं. मागच्या साली एक भोपळा 150 ला गेला. घेणाऱ्यानं परत ठेवला. परत 200. त्यानंही ठेवला. असा चारदा विकला. शेवटी माझ्या बापानं 500 ला घेतला आणि घरी आणला, तेव्हा आई म्हणाली, "हा आपल्याच येलाचा नव्हं?"

झणझणीत
घारगे केले काय मग?

हंगामी भोपळा
आई रागानं शिजवीना. पाळकसाहेबांकडं पाठवला. त्यांच्याकडनं घारगे आले.

निवृत्त मास्तर
माझा अनुभव: पत्नी गेल्यावर मी घंटा वाजवण्याचे काम मागून घेतले. सकाळी 8 ला पहिली, साडेआठला दुसरी. एकदा ताप होता, उशीर झाला, तर गल्लीतले मुसलमान शिंपी दार ठोठावायला आले. "मास्तर, घंटा नाही, घड्याळ लावायचंय."

शेवटचा बाक
मास्तर तुम्ही होय! ओळखलं.

निवृत्त मास्तर
मीही ओळखले. माफी मागा आता.

झणझणीत
चिमणे, डब्याचं काय करणार? पुण्याला नेणार काय?

कॅम्पातली चिमणी
आईला विचारलं. म्हणाली घासून ठेव, रविवारी जाताना देवळात द्यायचाय, नवीन लग्न झालेली एक पोरगी आलीय मंडळीत, तिच्याकडं डबा नाही. आत्ता घासतीय स्वतःच, चिंच लावून. मला हात लावू देईना.